रिकामा जनाना डबा

छोटी गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. मूल गावाकडच्या जंगलातून ती चढ चढू लागली की तिची धाप थेट आमच्या चुलीपर्यंत पोचायची, आणि आई पेजेचं पातेलं खाली उतरवत म्हणायची, "आली पाय तुही सासू." मोठ्या गाडीचे रूळ वरोऱ्यावरून बल्लारपूरला गेलेले. आमच्या वाट्याला ही अरुंद रुळांची, लाकडी बाकांची, चढावर माणसाच्या चालीनं चालणारी गाडी आली होती. तिला पाहून रुळावर बसलेली वासरंसुद्धा सावकाश उठायची. आणि मी तिला भीत होते. शिटी ऐकली की पेज आणि जवसाची चटणी माझ्या ताटलीत तशीच राहायची. पुढे जन्मभर लोकांना वाटत राहिलं की ही बाई कोणाच्या बापाला भीत नाही. त्यांनी मला त्या दिवसांत सकाळी ठेसनावर पाहायला हवं होतं. तेल चोपडून, कपाळाची कातडी ताणली जाईल अशा घट्ट घातलेल्या दोन वेण्या, त्यांना लाल फिती, हातात पितळी डबा, आणि तोंड असं की जणू बोकडाला हळदकुंकू लावून नेतायत.

गावची शाळा चौथीला संपायची. पुढचं शिकायचं तर चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, मुलींच्या शाळेत. बाबा लाकडाच्या डेपोत मुन्शी होते. एकदा त्यांच्याबरोबर चांद्याला गेले असता त्या शाळेतल्या बाई मला दिसल्या, आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. शिकायचं मी तिथंच ठरवलं. विद्येची ओढ वगैरे पुढे लोकांना सांगायला सुचली. तेव्हाची ओढ घड्याळाची होती. बाबा कबूल झाले, आईनं मान हलवली, पण आमच्या घरात शेवटचा शब्द आत्याबाईचा. बाबांची ही थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली. दळण, कांडण, बाबांचा पगार, आमची आजारपणं, सगळं तिच्या हाती. तिला एकच बाळंतपण झालं होतं, वाटेत, बैलगाडीत, आणि ते मूल रडलंच नव्हतं. एवढं मला आईनं एकदा हळूच सांगितलं होतं. त्यापलीकडे घरात कोणी त्यावर बोलत नसे.

आत्याबाईनं बाबांचं म्हणणं लाखोळीच्या डाळीतले खडे वेचत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊ दे. पन ज्या दिशी पोट्टी भेऊन घरी आली, त्या दिसापासून दप्तर बंद. भेलेल्या पोट्टीले मी जंगलातून धाडत नाई."

म्हणजे भ्यायला परवानगी होती, पण भ्यालेलं दिसायला नव्हती. गाडी, जंगल आणि वाघ यांपेक्षा मी आत्याबाईच्या नजरेला जास्त भिऊ लागले. घरी पाय ठेवायच्या आधी मी आमच्या कुंपणाशी थांबून गाल चोळून लाल करायची आणि उगाच गाणं म्हणत आत शिरायची. त्या गाण्यावरूनच तिला सगळं कळत असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. इतकी अक्कल असती तर घड्याळासाठी शाळेत कशाला गेले असते?

आता गाडीत कोण कसं बसायचं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खाणीत आणि कागदाच्या कारखान्यात कामाला जाणारी माणसं पुढच्या डब्यांच्या दारांत उभी राहायची. आत जागा असली तरी दारातच, कारण गाडी थांबायच्या आधी उड्या मारल्या की पुढची वाट लवकर धरता येई. व्यापारी मधल्या डब्यात, बूड बाकावर आणि पाय आपल्याच गाठोड्यावर. सिरोंच्याकडची तेलुगू बिऱ्हाडं चढली की आधी चिंचेच्या भाताचा डबा उघडायची आणि नंतर जागा शोधायची. शेतकऱ्यांच्या बायका नवऱ्याच्या किंवा भावाच्या पाठीला पाठ लावून, पदर ओढून, पुरुषांच्याच डब्यात दाटीनं बसायच्या. त्यांना पाटीवरचं नाव वाचता येत नव्हतं. "उतर" म्हणणारा माणूस दुसऱ्या डब्यात असला तर त्यांनी उतरावं कुठं? भाजीवाल्या आणि मासेवाल्या गिऱ्हाईक असेल तिथं. आणि बांबूवाल्या बाया सगळ्यात मागच्या साध्या डब्यात, दाराशी, खाली.

या बांबूवाल्या म्हणजे वैनगंगेपलीकडच्या, गडचिरोलीच्या जंगलातल्या माडिया बाया. ठेकेदारानं त्यांच्या कुटुंबांना आणून आमच्या ठेसनाजवळ झोपड्या घालून दिल्या होत्या. त्या रोज चांद्याच्या वाटेवरच्या दुसऱ्या ठेसनावर जायच्या, कारखान्याला जाणारा बांबू मालगाडीच्या वाघिणींत भरायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायच्या. बाक रिकामा असला तरी त्या भुईवरच बसत. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या रुपीला आईनं एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "पाय भुईले टेकले नाई तं मानूस भेते, बाई."

राहिला जनाना डबा. सगळ्यात शेवटी, गार्डाच्या डब्याला लागून, बुटका, एका दाराचा. सरकारनं तो खास बायकांसाठी ठेवलेला, आणि त्यात एकही बाई बसत नसे. बसायची ती फक्त मी. बाबांनी गार्डसाहेबांना सांगूनच ठेवलं होतं. ते मला रोज स्वतः आत बसवत, बाहेरून कडी लावत आणि चांद्याला उघडत. बाबांच्या मते जगातली सगळ्यात सुरक्षित जागा ती. माझ्या मते तो पिंजरा होता, आणि त्यात मी एकटी नव्हते. कारण आत्याबाईनंच एकदा सांगितलं होतं, की त्या डब्यात एक बाळंतीण मेली आहे आणि तिची चुडेल झाली आहे. केस मोकळे, पाय उलटे. माझ्या परकराच्या नेफ्यात तिनं एक लोखंडी खिळा शिवून दिला. "लोखंड असलं की ते जवळ येत नाई," म्हणाली. शाळेला पाठवायचं आणि असं सांगायचं, हे कोणतं शहाणपण, ते मला आजही उलगडलेलं नाही. पण तिला खरंच भीती वाटत होती, हे मात्र आता कळतं.

मी बाकावर पाय वर घेऊन बसे. बाकाखाली काय आहे ते पाहण्याची हिंमत नव्हती आणि न पाहता बसण्याचीही नव्हती. मग मधेच डोकं खाली घालून पटकन पाही आणि पटकन वर येई. रस्ताभर माझी ही उठाठेव चाले. पाढे म्हणायची, पण गाडीच्या खडखडाटात कोणी दुसरंही पाढे म्हणतंय असं वाटलं की गप्प व्हायची. परतताना तर बांबूच्या ठेसनापासून आमच्या ठेसनापर्यंत मी डोळे गच्च मिटूनच घ्यायची, कारण तिथं साग आणि बांबू दोन्ही बाजूंनी खिडकीशी यायचे, आणि थंडीच्या दिवसांत डब्यात तेव्हाच अंधारून यायचं. डब्यातला दिवा शोभेचा होता.

या बांबूवाल्या बाया माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहायच्या. फलाटावर मी जवळून गेले की बाजूला सरकायच्या, माझी सावलीसुद्धा चुकवायच्या. एकदा त्यांच्यातल्या जुरी नावाच्या तरण्या बाईच्या पोरीला मी फुटाणे देऊ केले, तर जुरीनं पोरीचा हात झटकन मागं ओढला. तेव्हा ती दुसऱ्यांदा गरोदर होती, पोट चांगलं दिसत होतं. मला फार लागलं. आमच्या घरी त्यांच्या हातचं पाणी चालत नसे, हे मला ठाऊक होतं. पण त्यांना माझ्या हातचे फुटाणे चालत नाहीत म्हणजे काय? मी घरी येऊन आईला सांगितलं, तर आई पदरात तोंड लपवून हसली. मी ते फुटाणे रागारागानं एकटीनं खाल्ले.

मग ती संध्याकाळ आली. चांद्याहून निघालो, बांबूचं ठेसन आलं, मी नेमानं डोळे मिटले. बाहेर आवाज झाले, कडी वाजली, दार आपटलं, पुन्हा कडी वाजली. गार्डसाहेबांनी कडी तपासली असेल म्हणून मी डोळे उघडले नाहीत. गाडी सुटली. आणि डब्यात कोणीतरी कण्हलं.

आधी वाटलं चाक. पुन्हा कण्हणं आलं, आणि ते चाकाचं नव्हतं. मी पाय आणखी वर घेतले, खिळा मुठीत धरला, तो बोटात रुतला. पाढा म्हणायला गेले तर आठवेना. शेवटी एकच डोळा उघडला. दाराशी, भुईवर, काळी आकृती. केस मोकळे. तोंड गुडघ्यांत. आत्याबाईनं सांगितलेलं सगळं जिथल्या तिथं होतं. माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही, नाहीतर त्या दिवशी मूलपर्यंत ऐकू गेला असता. मग आठवलं, पाय बघायचे. मी पाय बघितले. पाय सुलटे होते, मळके होते, आणि टाचेला बांबूच्या धसाची ताजी जखम होती. तिनं मान वर केली. ती जुरी होती, आणि तिच्याखालची फळी ओली झाली होती.

चुडेल असती तर बरं झालं असतं. चुडेलीवर माझ्याकडे खिळा होता. बाळंत होणाऱ्या बाईवर काय होतं? मी दार बडवलं, खिडकीतून गार्डसाहेबांना हाका मारल्या, पण गाडीनं चढ धरला होता आणि तिच्या धापेत माझा आवाज मलाच ऐकू येईना. जुरी एका हातानं बाकाचा पाय धरून होती. तिची नजर माझ्यावर होती आणि त्या नजरेत माझ्याहून जास्त भीती होती. दोघी भ्यालेल्या एकमेकींकडे पाहत होतो, एक बाकावर, एक भुईवर.

चढावर नेहमीसारखी गाडीला धाप लागली आणि ती थांबली. असं झालं की वाफ भरेपर्यंत पुढच्या डब्यांतली माणसं खाली उतरून बिड्या ओढायची. माझ्या खिडकीखाली खडीवर पावलं वाजली. ती म्हातारी रुपी होती. तिनं कडी काढून दार उघडलं, पण पायरीला हात लावला नाही. खालीच उभी राहून आत जुरीशी त्यांच्या बोलीत बोलली.

मी रडत म्हटलं, "तू वर ये न, बाई."

"मी कशी येऊ? हा कुर्मा हाये."

मला कळलं नाही. मग तिनं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं ते असं. त्यांच्या गावाबाहेर एक बुटकी झोपडी असते. बाई बाजूला बसली की त्या दिवसांत तिथं राहते, बाळंत व्हायची झाली की तिथंच होते. ती झोपडी म्हणजे कुर्मा. दुसरं कोणी तिथं पाय ठेवत नाही. गाडीच्या शेवटी बुटका डबा, फक्त बायकांचा, आणि त्यात कोणी बसत नाही, म्हणजे तो गाडीचा कुर्मा हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, म्हणून कळा लागताच जुरीला त्यांनीच त्यात बसवलं होतं. आणि मी रोज त्यात बसते.

"आमाले वाटे, पोट्टीले काय झालं," ती म्हणाली. "कईच सरत नाई तिचं. बिचारी." मग आवाज करडा झाला. "आता तूच पाय तिले. कुर्म्यातली बाई कुर्म्यातल्या बाईले पाह्यते. तू बसली हायेस न?"

मला अजून न्हाण आलं नव्हतं. खरं एका शब्दात सांगता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर रुपीनं मला तिथल्या तिथं खाली उतरवलं असतं, मी त्या गर्दीच्या डब्यात जाऊन बसले असते आणि घरी गाणं म्हणत गेले असते. आणि जुरी आत एकटी राहिली असती. मला खाली उतरायचंच होतं, हे मी लपवत नाही. माझा एक पाय बाकावरून खाली आला तो दाराकडे जायलाच आला होता. तेवढ्यात जुरीनं तो घोट्याशी धरला.

"हो," मी म्हटलं. "बसली हावो."

पुढचं सगळं लिहीत नाही. बायकांना माहीत आहे आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. रुपी खालून सांगत होती आणि मी करत होते. पाठीशी बस, खांदे धर, ओढू नको, तिचं तिले करू दे. मधेच गार्डसाहेब कंदील घेऊन तणतणत आले, आत पाहिलं, आणि गर्रकन पाठ फिरवली. तसेच पाठमोरे उभे राहून त्यांनी कंदील आपल्या पाठीमागं आमच्याकडे धरला. ड्रायव्हरनं शिट्या मारल्या, पण हिरवा दिवा दाखवायला त्यांनी हात उचलला नाही. तोंडानं रामराम चालला होता. तेही भ्याले होते, आणि ते पाहून मला थोडा धीर आला, हे माझ्या स्वभावाला धरूनच झालं.

ते मूल बाहेर आलं आणि गप्प होतं. निळसर, ओलं, गप्प. मला बैलगाडी आठवली. आजवर मी ज्याला भीती म्हणत होते ती सगळी खेळातली होती, हे मला त्या क्षणी कळलं. रुपी ओरडली, पालथं धर, पाठ चोळ. मी चोळली. दोनदा हातून निसटणार होतं. मग ते रडलं. असं रडलं की बिड्या ओढणारी माणसं गप्प झाली.

रुपीनं बांबूची कामटी तासून आत टाकली. मी वेणीची लाल फीत सोडून नाळ बांधली आणि कामटीनं कापली. जुरीनं पोराला छातीशी घेतलं तेव्हा मी नेफ्यातला खिळा उसवून त्याच्या फडक्याच्या घडीत खोचला. का, ते विचारू नका. माझ्याजवळ देण्यासारखं तेवढंच होतं.

आमच्या ठेसनावर बाबा उभे होते. आधी त्यांनी माझा रक्तानं भरलेला परकर पाहिला, मग गार्डसाहेबांचं ऐकलं, आणि माझा पितळी डबा आपल्या हातात घेऊन घराकडे चालू लागले. त्या दिवशी कुंपणाशी मी गाल चोळले नाहीत, गाणंही म्हटलं नाही. आईनं मला पाहून चुलीपुढं बसकण मारली. तिला वाटलं, पोरीला न्हाण आलं. बाबांनी खरं ते सांगितलं. आत्याबाई उठली. तिनं मला मागच्या अंगणात नेलं, डोक्यावरून गरम पाणी ओतलं, आणि सुवेर म्हणून मागच्या पडवीत वेगळं बसवलं. ताटलीत गरम भात, वर लाखोळीचं वरण. मला जेवण जाईना. शाळा संपली हे मला कळून चुकलं होतं, आणि लाजेची गोष्ट अशी की तेव्हाही मला बाईंचं घड्याळच आठवत होतं.

आत्याबाई जरा दूर, उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "भेव लागलं काय?"

खोटं तोंडाशी आलं होतं. पण एका संध्याकाळी एक खोटं पुरे झालं होतं. "लागलं," मी म्हटलं. "लई लागलं."

तिनं मान हलवली. मग खाली पाहत, अगदी बारीक आवाजात विचारलं, "पोरगं रडलं काय?"

"रडलं."

"लगेच?"

"लगेच नाई. पाठ चोळली, मंग रडलं."

"चोळा लागते काय," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं. ती उठून आत गेली. तिच्या खोलीतून त्या रात्री काही ऐकू आलं का, ते मी सांगणार नाही.

सुवेर फिटलं त्या सकाळी मी उशिरापर्यंत पांघरूण ओढून पडले होते, कारण उठून करायचं काय? चढावर गाडीची धाप ऐकू आली. आईनं सासूचं नाव काढलं नाही. आत्याबाई आली, पांघरूण ओढलं, धुतलेला परकर माझ्या अंगावर टाकला. नेफ्याला हात लावला तर काहीतरी टोचलं. नवा खिळा होता, आधीच्यापेक्षा लांब.

"हा कोनाले देजो नको," ती म्हणाली. "अन् वेणी घाल. गाडी का तुयासाठी थांबते?"

गार्डसाहेबांनी नेहमीसारखं मला आत बसवून कडी लावली. मी नेहमीसारखे पाय वर घेतले आणि बाकाखाली पाहिलं. भीती काही गेली नव्हती. मग कडी पुन्हा वाजली. बांबूवाल्यांतली एक तरणी बाई आत आली. तिचे ते दिवस होते. एरवी अशी बाई कामावर न जाता झोपडीत राही, पण आता गाडीच्या कुर्म्यात आपल्यातलं एक माणूस रोज असतं, असं रुपीनं त्यांच्यात सांगून टाकलं होतं. ती दाराशी भुईवर बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या वर घेतलेल्या पायांकडे पाहिलं, आणि जरा सरकून शेजारची फळी हातानं झाडली.

मी बाकावरून उतरले आणि तिच्याशेजारी बसले. पाय भुईला टेकले.